आमची पर्यावरण समिती आणि हौसाक्काची विहीर

देवाशपथ सांगतो, खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. पटत नसेल तर आमच्या गावात कुणालाही विचारा. नाही तर असं करा, विचारू नकाच! गावातली माणसं माझ्याबद्दल काय सांगतील याचा नेम नाही. "कोण, बापू व्हय? त्यो आज वार कुठला ते बी खोटं सांगतोय," असं म्हणतील. म्हणून आपण आपसांत ठरवू. सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट मी रचलेली आहे. कुठली, ते शेवटी सांगतो. तोवर ओळखा.

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या गावाबाहेरच्या कचरा डेपोसारखं होतं ते. रोज घंटागाडी येते, ओतून जाते आणि एक दिवस बघावं तर डोंगर! नगरपालिकेच्या पर्यावरण समितीत मी बिनपगारी बसायला लागल्यापासून माझ्या डोक्यात असाच डोंगर झालाय. डेपोला निदान अधूनमधून आग तरी लागते.

गाव सांगली जिल्ह्यातलं. विट्याहून जतकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही, मला अजून तिथंच दुकान चालवायचंय. मोटार रिवायंडिंगचं दुकान. बोअरचं पाणी आटलं की कोरडी मोटार जळते आणि जळली की माणूस माझ्याकडं येतो. उन्हाळ्यात आमच्या गावात दोघंच हसतमुख असतात. एक टँकरवाला, दुसरा मी.

*

समितीत मी गेलो कसा, ते आधी ऐका.

सरकारचा कागद आला की पर्यावरण समिती नेमा आणि तीत एक 'पर्यावरणप्रेमी नागरिक' घ्या. बाकी जागा पटापट भरल्या. नागरिक मात्र कुठं मिळेना. फुकट बसायचं म्हटल्यावर कोण येतो?

हेडक्लार्कनं डोकं खाजवत खिडकीबाहेर बघितलं. नगरपालिकेसमोर एकच लिंबाचं झाड आहे. त्याखाली स्कूटर लावून, स्कूटरवर आडवा होऊन मी झोपलो होतो.

"ह्यो बघा की," हेडक्लार्क म्हणाला. "रोज दुपारी झाडाखालीच असतोय!"

झालं. उठलो तेव्हा मी पर्यावरणप्रेमी होतो.

खरं तर मी नाही म्हणणार होतो. पण माझ्या दुकानामागं एक विहीर आहे. दगडी बांधकामाची, शेजारी जनावरांना पाणी पाजायला दगडाची डोण. विहिरीला लागून हौसाक्काचं घर. हौसाक्का जतकडची धनगरीण, वयानं माझ्या थोरल्या बहिणीएवढी, आणि जीभ अशी की वायर सोलायला माझ्या दुकानात ठेवावी. सकाळी मेंढरं घेऊन माळावर जाते, दुपारी ती डोणीवर आणते. टँकर माणसांना येतो, मेंढरांना येत नाही. ती विहीर गेली तर आक्कानं मेंढरं विकायची, एवढाच त्याचा अर्थ.

आणि विहिरीवर कुणाचा तरी डोळा आहे, अशी कुणकुण तिला लागली होती.

"बापू," आक्का दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, "तू कमिटीत जातूस म्हनं. जा. पर माजी हीर ऱ्हायली पायजे. न्हाईतर समदी मेंढरं आनून तुज्या दुकानात कोंडीन!"

ती बोलते ते करते. मी समितीत गेलो.

*

पहिली बैठक अकराची होती, ती अकराला सुरू झाली. समितीबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं. ते साधारण सव्वाअकरापर्यंत टिकलं.

अध्यक्ष भैयासाहेब. नगराध्यक्षांचे मेहुणे. पर्यावरणाशी त्यांचा संबंध एवढाच की वाळूचा धंदा होता. उजवीकडं रिटायर्ड सुभेदार. पलटणीतून येऊन बरीच वर्षं झाली, पण अजून भाजीवाल्याशीसुद्धा हिंदीत बोलतात. डावीकडं विट्याचे अप्पाशेठ. यांचं सोनं गाळायचं दुकान पार पंजाबात, बंगला आमच्या गावात. वर्षातून चार महिने इकडं असतात आणि त्या चार महिन्यांत देणगी दिली नाही तर त्यांना झोप येत नाही.

पहिलाच विषय निघाला. माझ्या दुकानामागची जुनी विहीर बुजवून तिथं लॉन करायचं, 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव अशी लाइटची अक्षरं लावायची. सेल्फी पॉइंट!

मी उभा राहिलो. "साहेब, विहीर म्हणजे पर्यावरण नव्हे का?"

भैयासाहेबांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "बापू, पर्यावरण दिसाय पायजे. हीर खाली असती. खाली वाकून कोण बघतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या क्षणी मला समितीचं तंत्र कळलं. समितीत एखादं काम थांबवायचं असेल तर विरोध करायचा नाही. दुसरं काम सुचवायचं, ज्यात फोटो जास्त निघतील.

"विहीर काय, कधीपण बुजवता येईल," मी म्हणालो. "पण चिमण्या चालल्यात, साहेब! चिमण्यांचं आधी बघूया."

*

चिमण्यांचं नाव निघताच अप्पाशेठचा हात खिशाकडं गेला. "घरटी माझ्याकडनं! लागतील तेवढी!"

महिन्याभरात टेम्पो आला. पत्र्याची, चौकोनी, रंगीत घरटी. गावातल्या प्रत्येक खांबावर एकेक लागलं. घरट्याच्या पुढच्या बाजूला अप्पाशेठचा हसरा फोटो, वर 'सौजन्य', खाली त्यांच्या दुकानाचं नाव. पंजाबातलं दुकान. आमच्या चिमण्या तिकडं सोनं गाळायला जाणार होत्या बहुतेक!

आता घरट्याला भोक तर पाहिजे. बनवणाऱ्यानं मोजून बरोबर मधे पाडलं. मधे अप्पाशेठचं तोंड होतं.

गावभर अप्पाशेठ आ वासून उभे! चिमणीनं घरात जायचं म्हणजे शेठच्या तोंडातनंच जायचं. एकही चिमणी धजली नाही. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की आत अंडं घातलं असतं तर थेट आम्लेट बाहेर आलं असतं.

पावसाळ्यानंतर मात्र घरटी भरली. गांधीलमाश्यांनी! एसटी स्टँडजवळच्या खांबावर तर शेठच्या तोंडातनं दिवसभर गांधीलमाश्या आत-बाहेर करायच्या.

शेठच्या सौभाग्यवतींनी ते बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "फोटू लय हुबेहूब आलाय बगा."

*

चिमण्या संपल्या आणि विहीर परत विषयपत्रिकेवर आली. मी लगेच ध्वनिप्रदूषण काढलं.

आवाज मोजायचं यंत्र आलं. त्याचं उद्घाटन भैयासाहेबांच्या वाढदिवसालाच ठेवलं, कारण त्या दिवशी मोजायला आवाज होता. चौकात डीजे लागला होता. डीजे भैयासाहेबांच्या पुतण्याचा. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आम्ही खुणांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या.

सुभेदारांनी यंत्र डीजेसमोर धरलं. काटा असा गेला की परत यायलाच तयार होईना.

"इथनं न्हाई मोजायचं," भैयासाहेब कानाशी ओरडले. "जरा लांबनं मोजा!"

आम्ही मारुतीच्या देवळापाशी गेलो. तिथंही जास्त. मग बाजार समितीच्या गेटवर. जास्तच. मग दोन गाड्या काढल्या. सुभेदार पुढच्या गाडीत, हात बाहेर काढून यंत्र धरलेलं. ओढा ओलांडला. पुलापलीकडं आकडा हळूहळू खाली यायला लागला आणि एका वडाखाली तो कायद्यात बसला.

"बस! यहीं रोको!" सुभेदार गरजले.

भैयासाहेबांनी जागीच जाहीर केलं की आपल्या गावात ध्वनिप्रदूषण नाही.

तेवढ्यात शेताच्या बांधावरनं एक माणूस चालत आला. तो शेजारच्या गावचा सरपंच निघाला, कारण आम्ही शेजारच्या गावाच्या हद्दीत उभे होतो. त्यानं हात जोडले. "भैयासायेब, बरं झालं आला. तुमचा डीजे पार आमच्यापत्तोर ऐकू येतोय. म्हशी दूद देईनात. त्याचं तेवडं काय तरी बघा."

भैयासाहेबांनी यंत्र त्याच्या तोंडापुढं धरलं.

"हितं ऐकू येतंय ते कायद्यात हाय!"

*

सुभेदारांचं वेगळंच. त्यांना झाडापेक्षा झाडाची रांग आवडते.

समितीनं माळावर रोपं लावली तेव्हा प्रत्येक रोपाला आधाराची काठी होती. दोरी लावून, एका डोळ्यानं बघत, सुभेदारांनी काठ्या अशा सरळ रेषेत उभ्या केल्या की परेडला निघाल्यात असं वाटावं. मग प्रत्येक काठीला खाली गेरू, वर चुना. रोपांना पाणी कोण घालणार, यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीपर्यंत विषय उरला नव्हता, कारण रोपं उरली नव्हती.

काठ्या मात्र दिमाखात!

जिल्ह्याहून पाहणीला साहेब आले. ऊन कडक, साहेबांच्या गाडीत गारवा. त्यांनी रस्त्यावरनंच काच अर्धी खाली करून माळाकडं बघितलं. लाल-पांढऱ्या रांगा क्षितिजापर्यंत. "शंभर टक्के जगलीत की!" म्हणून काच वर केली.

मी सुभेदारांना हळूच म्हणालो, "सर, झाडं तर सगळी मेलीत."

सुभेदार ताठ उभे होते. समोर बघतच म्हणाले, "मरने दो. फॉर्मेशन नहीं टूटा!"

पुढं हिवाळ्यात रांगेत खिंडारं दिसायला लागली. सुभेदारांना घातपाताचा संशय आला. हौसाक्का मला दुकानात येऊन सांगून गेली, "बापू, तुमच्या कमिटीची लाकडं लय धूर करत्यात बाबा. येवडा गेरू फासत न्हाईत कुनी."

मी सुभेदारांना काही बोललो नाही. फॉर्मेशनमध्ये राहिलो.

*

विहीर पुन्हा आली. आता मी मोठा बार उडवला. अभ्यास दौरा!

"कोयनानगर," मी म्हणालो. "जंगल, धरण, धुकं. पर्यावरण म्हटलं की कोयना बघितली पाहिजे, साहेब." दौरा एकमतानं मंजूर झाला. आमच्या समितीत 'दौरा' शब्दाला आजवर कुणी विरोध केलेला नाही.

घाटात अप्पाशेठला गाडी लागली. प्रत्येक वळणावर ते खिडकीतनं वाकायचे. भैयासाहेब वाटेतल्या ढाब्यावर जेवून झोपले. धरण आलं आणि गेलं. पर्यावरण असं काय ते फक्त शेठनं जवळनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेस्ट हाऊसवर आम्ही चहाची वाट बघत होतो. भैयासाहेब टॉवेलवर, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. एकदम कपबश्या वाजायला लागल्या. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पायाखालनं कुणीतरी ट्रॅक्टर नेल्यासारखा आवाज.

"भूकंप!"

अप्पाशेठ टेबलाखाली. सुभेदार "पोझिशन!" म्हणून जमिनीवर पालथे. भैयासाहेब टॉवेलसकट अंगणात, आणि मग टॉवेल अंगणात, भैयासाहेब झुडपात.

तिथला खानसामा शांतपणे चहा गाळत होता. तो खिडकीतनं म्हणाला, "आवं, आत या. ह्यो काय भूकंप न्हवं. ह्यात दूद बी हिंदकळत न्हाई."

आत येऊन भैयासाहेबांनी टॉवेल घट्ट केला, तोंडावरचा फेस पुसला आणि तिथंच बैठक भरवली. ठराव असा: सदरहू समिती अभ्यासात मग्न असताना झालेल्या या भ्याड प्रकाराचा समिती तीव्र निषेध करते.

सूचक भैयासाहेब. अनुमोदक टेबलाखालनं!

*

माझ्याकडचे विषय संपत आले होते, एवढ्यात बातमी आली. हरित शहरांची स्पर्धा, आणि पुण्याहून पथक तपासणीला येणार, दुपारी चार वाजता.

भैयासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "त्याच दिवशी सकाळी नऊला नारळ फोडायचा. हीर बुजवायची, वर लॉन वडायचं, अक्षरं लावायची. चारला पथक आलं की सेल्फी!"

मी तोंड उघडलं. नवीन काम सुचेना. मुंग्या म्हणू की फुलपाखरं म्हणू, असा विचार करेपर्यंत ठराव झाला होता.

आदल्या दिवशी ठेकेदारानं विहिरीभोवती लॉन अंथरलं. गुंडाळी करून ट्रकमधनं आणलेलं, सतरंजीसारखं, हिरवंगार. मधे तेवढी विहिरीची जागा ठेवली होती. संध्याकाळी आक्का दुकानात आली. मला वाटलं आता मेंढरं कोंडते. तिनं शिवीही दिली नाही.

"उद्या दुपारी मेंढरं कुटं न्हेऊ, तेवडं सांग, बापू."

मी खोटं बोलायला कधी अडत नाही. त्या वेळी अडलो.

सकाळी नऊला सगळं तयार. दगडमातीनं भरलेले डंपर रांगेत. जेसीबी. कापडानं झाकलेली कोनशिला. तबकात नारळ. सगळं होतं, भैयासाहेब नव्हते.

आता आमच्याकडची रीत अशी. नारळ फुटल्याशिवाय कामाची पाटी उचलायची नाही आणि ज्याच्या नावाची कोनशिला आहे त्यानंच नारळ फोडायचा. फोन लावला. "निघालोय! पाच मिनटात आलो!" मागं बँड वाजत होता. कुणाच्या तरी नातवाचं जावळ होतं, तिथं सत्कार चालला होता. दहाला फोन केला. "वाटेतच हाय!" आता वेगळा बँड. अकराला फोन केला, तर कसलं तरी बारसं.

सुभेदार वैतागले. "लाइए, मैं फोडता हूँ!"

ठेकेदारानं नारळ पोटाशी धरला. "न्हाई सायेब. तुमी फोडला तर त्ये माजं बिल फोडत्याल."

बारा वाजले. ड्रायव्हर डंपरखाली सावलीला झोपले. जेसीबीवाला जेवायला गेला. आणि रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेनं, हौसाक्काची मेंढरं पाण्यावर आली.

मे महिना. माळावर वाळलेली काडी नाही. आणि समोर हिरवंगार लॉन! मेंढरं क्षणभर थबकली. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असावं, आपण मेलो आणि वर आलो.

"रुक जाओ!" सुभेदार ओरडले. मेंढरांना हिंदी येत नव्हती.

मी आक्काकडं बघितलं. आक्का डोणीच्या कडेला बसली, तंबाखूची चंची काढली आणि शांतपणे तंबाखू मळायला लागली. "खाऊंद्यात," ती म्हणाली. "श्येवटचं पानी हाय आज त्येंचं. पोटभर खाऊन पितील."

दुपारभर मेंढरं चरली, पाणी प्याली, तिथंच रवंथ करत बसली. लॉनची सतरंजी राहिली, वरची लोकर गेली. जागोजाग लेंड्या.

चारला पाच कमी असताना भैयासाहेबांची गाडी आली. गळ्यात चार हार, खांद्यावर तीन शाली. उतरले आणि किंचाळलेच.

"कुनाची रं ही मेंढरं?"

"माजी," आक्का उठली. "आन् बरं झालं आलास. आदी ज्वारी काड."

"कसली ज्वारी?"

"कसली म्हंजी? दीसभर मेंढरं बसवली तुमच्या रानात. खत फुकाट पडतंय व्हय? बाकीचं शेतकरी पायली पायली देत्यात, वर जेवाय घालत्यात. तुमी कमिटीवालं हाईसा म्हनून काय सोडू?"

आमच्या भागात रानात मेंढरं बसवतात ती खतासाठी, आणि मेंढकीला त्याची ज्वारी द्यावी लागते. आक्काचं म्हणणं अगदी रीतीला धरून होतं. भैयासाहेब बोलायला तोंड उघडतायत, तोच मागं जीप थांबली. पुण्याचं पथक. चारच्या ठोक्याला!

जीपमधनं एक मॅडम उतरल्या. त्यांनी मेंढरं बघितली, डोण बघितली, आक्काकडं बघितलं. "हे काय आहे?"

सगळ्यांनी भैयासाहेबांकडं बघितलं, भैयासाहेबांनी हारांकडं. मग माझंच तोंड सुरू झालं. ते असंच आपोआप होतं.

"हा समितीचा पथदर्शी प्रकल्प, मॅडम. लॉनला पेट्रोलचं मशीन नाही, मेंढरं कापतात. रासायनिक खत नाही, मेंढरं टाकतात. पाणी या विहिरीचं. मेंढपाळांची जुनी पद्धत, शहराच्या मध्यभागी जिवंत ठेवलीय. या हौसाक्का, प्रकल्पाच्या... प्रमुख."

"ज्वारीचं इचार," आक्का म्हणाली.

"आणि मोबदला धान्यात, मॅडम!"

मॅडमचे डोळे चमकले. त्या विहिरीपाशी गेल्या आणि चक्क खाली वाकून बघितलं! "इतक्या गावांत फिरले, सगळीकडं सेल्फी पॉइंट दाखवतात. हे पहिल्यांदाच बघतेय. कल्पना कुणाची?"

"माजी!" भैयासाहेब म्हणाले. हार सावरायलासुद्धा थांबले नाहीत.

"वा! आणि हे डंपर कशासाठी?"

हेडक्लार्क हळूच जाऊन कोनशिलेवर बसला.

"गाळ," भैयासाहेब म्हणाले. "हिरीतला गाळ काडायचाय. त्यासाठी."

मॅडमनी टाचा उंचावून डंपरमध्ये बघितलं. "पण हे तर भरलेले आहेत."

भैयासाहेबांनी एका हातानं घाम पुसला.

"मॅडम, शुभ कामाला आमच्याकडं रिकामा डंपर आनत न्हाईत."

"अच्छा," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या आणि सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "स्थानिक परंपरा, लिहून घ्या." मग नारळाकडं बघितलं. "मग करा ना सुरुवात. मी थांबते."

नारळ फुटला. तोच नारळ, तोच जेसीबी, तेच भैयासाहेब. संध्याकाळपर्यंत विहिरीतनं गाळाचा ढीग बाहेर पडला. भरलेले डंपर जसे आले तसे शुभकार्य करून परत गेले. फोटोच्या वेळी एका मेंढीनं भैयासाहेबांच्या गळ्यातले हार खालून खायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "किती माणसाळलीत!"

आम्हाला बक्षीस मिळालं. भैयासाहेब आता भाषणांत मेंढरांवर बोलतात. हौसाक्काला ज्वारी द्यायचा ठराव एकमतानं झालाय. पण नगरपालिकेला ज्वारी कुठल्या खात्यातनं द्यायची ते कळेना, म्हणून तो वर पाठवलाय. वरूनही अजून काही कळलेलं नाही. दर बैठकीच्या दिवशी आक्का मेंढरं घेऊन नगरपालिकेच्या दारात येते, लिंबाखाली बसवते आणि खिडकीतनं ओरडते, "आज बी बसलीत रं! लिवून ठेव!"

*

आता कबूल केल्याप्रमाणं रचलेली गोष्ट कुठली ते सांगतो. शेठच्या तोंडातल्या गांधीलमाश्या खऱ्या. झुडपातले भैयासाहेब खरे. भूकंपाचा निषेध नगरपालिकेच्या दप्तरी आहे, जाऊन बघा. आणि विहीर तर माझ्या दुकानामागंच आहे. आत्ता हे लिहितानाही मेंढरांचा आवाज येतोय.

पहिली बैठक अकराला सुरू झाली, ते तेवढं मी रचलं.